जुन्या लाइव्ह कॅसेटी लॅपटॉपवर घेताना: आधी डेकचं हेड, मग सॉफ्टवेअर

प्रश्न थोडक्यात असा: "भाऊ, मी देसाईगंज-वडसा भागातल्या एका गावात राहतो. माझे मामा १९९० च्या दशकात नागपूरला इंजिनिअरिंगला होते. त्यांचा रूममेट पुढे अमेरिकेत गेला आणि तिथून त्यानं ग्रेटफुल डेड, लेड झेपेलिन, डीप पर्पल या रॉक बँडांच्या लाइव्ह शोच्या कॅसेटी पाठवल्या. काही थेट तिकडून आलेल्या आहेत, काही मामांनी नागपूरला दोन कॅसेटींच्या डबल डेकवर उतरवून घेतल्या. एका कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला आमच्या गावची दंडार, म्हणजे इकडचं लोकनाट्य, भरलेली आहे. मी टू-इन-वनच्या हेडफोन पिनमधून सगळं लॅपटॉपवर घेतलं आणि ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन दिलं. हिस, म्हणजे टेपची सततची सूं-सूं, गेला, पण आवाज पाण्यात बुडाल्यासारखा झाला. गिटार घेऊन सोबत वाजवायला बसलो तर गाणी कुठल्याच पट्टीत बसत नाहीत. हे नीट कसं करायचं? आणि झाल्यावर लोकांना देऊ का?"

भाऊ, नॉइज रिडक्शन दिलेल्या फायली बाजूला ठेव आणि कॅसेटी पुन्हा एकदा घ्यायच्या, अशी मनाची तयारी कर. तू जे काम शेवटी करायचं ते आधी केलंस, आणि जे आधी करायचं ते राहूनच गेलं. मी वर्धा जिल्ह्यात साउंड सर्व्हिस चालवतो. भजन, सप्ताह, लग्नं, नाटकं हा पोटाचा धंदा, आणि जुन्या लाइव्ह टेपा निस्तरणं हे कित्येक वर्षांचं वेड. दोन्हीकडे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. टेपवरून जे उचललंच नाही, ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणून देत नाही. लोक मात्र महागडे प्लगइन शोधत बसतात आणि टेपवरचा आवाज वाचणाऱ्या डेकच्या हेडवरचा मळ पुसत नाहीत.

पहिली कॅसेट कोणती घ्यायची, ते आधी सांगतो. दंडारीची. ग्रेटफुल डेडचा ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातल्या बार्टन हॉलचा शो मामांकडे असला तरी तो जगात हजारो लोकांकडे आहे, आणि २०१७ मध्ये तो अधिकृतपणेही निघाला. तुझ्या गावच्या दंडारीची प्रत फक्त तुझ्या हातात आहे. त्यात गाणाऱ्यांपैकी कोण हयात आहे, कोण गेलं, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. ती टेप आज डेकमध्ये गुंडाळली गेली तर संपलं. म्हणून सराव रॉकच्या कॅसेटींवर कर, हात बसू दे, पण जीव लावून पहिलं पक्कं काम दंडारीचं कर.

आता डेक. टू-इन-वन सोडून दे. त्यातल्या पुष्कळांचं हेड मोनो असतं, आणि हेडफोन पिनमधून येणारा आवाज आतल्या छोट्या ॲम्प्लिफायरमधून फिरून येतो. त्यात लॅपटॉपची माइकची पिनही बहुधा मोनोच असते. म्हणजे डावं-उजवं तिथंच मेलं. एखादा जुना स्टिरिओ कॅसेट डेक मिळव, ज्याला मागे लाइन आउट, म्हणजे आवाज थेट बाहेर देणारी पिन, आहे. नागपूरला, अमरावतीला रेडिओ-टेप दुरुस्तीची थोडी दुकानं अजून तग धरून आहेत, तिथं विचार. बंद पडलेला डेक मिळाला तरी घाबरू नको. बहुतेक वेळा आतला रबरी पट्टा डांबरासारखा विरघळलेला असतो. तो खरवडून, स्पिरिटनं पुसून नवा टाकला की मशीन उभी राहते. लाइन आउटमधून साधं यूएसबी ऑडिओ इंटरफेस (आवाज डिजिटल करून लॅपटॉपला देणारी डबी), ज्याला लाइन इन आहे असं, आणि तिथून लॅपटॉप. खर्च करायचाच असेल तर इथं कर.

हेड, टेप ओढणारा कॅपस्टनचा दांडा आणि रबरी रोलर प्रत्येक दोन-तीन कॅसेटींनंतर पूस. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काडीनं. रोलरला मात्र अल्कोहोल जपून, रबर कडक होतं. किंचित ओला कपडा पुरतो. जुन्या टेपांतून निघणारा तपकिरी थर हेडवर बसला की पहिला जातो तो ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, आणि आपल्याला वाटतं कॅसेटच खराब आहे.

मग येतो अझिमथ, म्हणजे हेडची खाच टेपला काटकोनात आहे की नाही ते. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, बहुधा रंगाचा ठिपका लावून पक्का केलेला. प्रत्येक डेकमध्ये तो कोन थोडा वेगळा असतो. शिकागोच्या कुठल्या डेकवर भरलेली कॅसेट तुझ्या डेकवर वाजवताना दोघांचे कोन जुळले नाहीत, की वरचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. उपाय अगदी हाताशी आहे. स्क्रूची मूळ जागा मार्करनं खुणव. कॅसेट लाव, डावं-उजवं एकत्र करून मोनोत ऐक, आणि कान झांजांवर ठेव. बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं स्क्रू अगदी केसभर फिरव. एका जागी झांज उघडते, गाणाऱ्याचा "स" स्वच्छ ऐकू येतो, आणि थोडं पुढे गेलं की पुन्हा झाकोळतो. ती उघडलेली जागा तुझी. प्रत्येक कॅसेटला आणि प्रत्येक बाजूला हे वेगळं करावं लागतं. माझ्या अनुभवात "टेप गेलेली आहे" म्हणून आणलेल्या निम्म्या कॅसेटी इथंच बऱ्या होतात. ट्रान्सफर करतानाच हे बरोबर असलं पाहिजे. नंतर इक्वलायझरनं ट्रेबल वाढवशील तर फक्त हिस वाढेल.

अमेरिकेतून आलेल्या कॅसेटी बघ. डेडच्या टेपा देवाणघेवाण करणाऱ्यांमध्ये मॅक्सेलच्या एक्सएल टू, ९० मिनिटांच्या कॅसेटी फार चालायच्या. त्या टाइप टू, म्हणजे क्रोमच्या वर्गातल्या. त्यांच्या कवचाच्या वरच्या कडेला जादा खाचा असतात. डेकवर टेपचा प्रकार निवडायचं बटण असेल तर तसं लाव. साध्या टेपच्या सेटिंगवर वाजवली तर ट्रेबल साधारण साडेचार डेसिबलनं (डीबी) जास्त येतो आणि कर्कश वाटतं. डॉल्बी, म्हणजे कॅसेटचा हिस दाबायची पद्धत (मिरवणुकीतला डॉल्बी नव्हे), तिचं असं आहे की कॅसेटवर डॉल्बी बी लिहिलं असलं तरी लिहिणारा खरं लिहितोच असं नाही. डॉल्बी बंद ठेवून एकदा ट्रान्सफर कर, तीच तुझी मूळ प्रत. डॉल्बी चालू करून दुसरी प्रत हवी तर घे, पण अझिमथ बसवल्यावरच, कारण वरचे सूर आधीच कमी आले तर डॉल्बी ते आणखी दाबतो.

कॅसेट डेकमध्ये घालण्याआधी उजेडात धरून बघ. टेपच्या मागे स्पंजचा किंवा नमद्याचा छोटा तुकडा असतो, जो टेपला हेडवर दाबून धरतो. जुन्या गोंदाचं आयुष्य संपलं की तो गळून पडतो आणि आवाज येतो-जातो. स्क्रूचं कवच असलेली एखादी चांगली रिकामी कॅसेट घेऊन टेप तिच्यात हलव. रिळाच्या कडेवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. आपल्याकडे पावसाळ्यात पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या कॅसेटींना ती हमखास धरते. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये कधी घालू नको, पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागण होईल. कोरड्या हवेत आठवडाभर ठेव, तोंडाला रुमाल बांध, भंगारातल्या एखाद्या डेकवर हळूहळू गुंडाळत मऊ कोरड्या कापडानं पुसून घे. एरवी बऱ्या दिसणाऱ्या कॅसेटीही एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्यायच्या, म्हणजे ताण सारखा होतो.

इंटरनेटवर "टेप भाजणे" असा एक उपाय वाचायला मिळेल. तो कॅसेटींसाठी नाही. १९७०-८० च्या दशकांतल्या काही विशिष्ट मोठ्या रिळांची चिकटण ओलावा धरून लिबलिबीत होते. त्या रिळांना नियंत्रित तापमानात, साधारण ५०-५५ अंशांवर, कित्येक तास ठेवतात. मे महिन्यात आपल्या अंगणातच ४५ अंश असतात म्हणून कॅसेटी उन्हात टाकून बघतो, असं मला एकानं खरोखर विचारलं होतं. अजिबात नको. कवच वाकतं, टेप ताणते आणि सगळंच हातचं जातं. कूलरच्या समोरही कॅसेटी ठेवू नको. कूलरची ओली हवा टेपची वैरी, आणि त्याची मोटर चालू-बंद होताना रेकॉर्डिंगमध्ये टिकटिक येते. म्हणून ट्रान्सफर चालू असताना कूलर बंद. घाम निघेल, पण काम स्वच्छ होईल.

विजेचंही बघावं लागतं. लॅपटॉप बॅटरीवर चालव, चार्जर काढून. खेड्यात अर्थिंग बहुतेक घरांत नावापुरतंच असतं. चार्जर आणि डेक दोन्ही बोर्डाला लावले की मधे घुमघुम शिरते. डेक साध्या घरगुती इन्व्हर्टरवरही चालवू नको, स्क्वेअर वेव्हची भणभण लाइनमध्ये उतरते. शेतीपंपांची वीज कुठल्या वेळेला असते ते तुला ठाऊक असेलच. ती वेळ टाळ, लाइट सारखा खालीवर होणार नाही.

रेकॉर्डिंग २४ बिटवर घे, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झ. सगळ्यात मोठा आवाज शून्याच्या सहा ते दहा डीबी खालीच राहू दे. २४ बिटमध्ये जागा भरपूर असते, लाल दिव्यापर्यंत जायची गरज नाही. ९६ वर ४५ मिनिटांची एक बाजू साधारण दीड जीबी होते. फ्लॅक या फॉरमॅटमध्ये बांधली की त्याची अर्ध्या ते दोन-तृतीयांशापर्यंत येते, आणि आवाजातला एक कणही जात नाही. ही कच्ची फाइल दोन वेगळ्या जागी ठेव आणि तिला पुन्हा कधी हात लावू नको. पुढचं सगळं काम तिच्या प्रतीवर करायचं.

आता तुझी पट्टीची अडचण. मला स्वतःला या सगळ्या कामात सगळ्यात जास्त आनंद इथं मिळतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गाणी कुठल्याच पट्टीत बसत नाहीत याचा अर्थ कुठंतरी टेपचा वेग चुकला आहे. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. तीन टक्के जास्त वेगानं वाजली तर गाणं अर्ध्या सेमीटोननं चढतं, म्हणजे दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे जाऊन बसतं. तुझं तेच झालेलं दिसतं. आता हा वेग कानानं अंदाजे जुळवू नको. टेपवर घड्याळ आहे, ते वाच.

ते घड्याळ म्हणजे विजेची घुमघुम. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. अमेरिकेतल्या स्टेजवरच्या गिटार ॲम्प्लिफायरमधून ६० ची आणि तिच्या पटीतली, १२० आणि १८० ची, घुमघुम येत असते. दोन गाण्यांच्या मधे, लोक जरा शांत झाले की ती टेपवर सापडते. तो तुकडा निवड, ऑडॅसिटीत स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे त्याचं चित्र, काढ आणि विंडो साइज ६५५३६ ठेव. बारीक उभे सुळके दिसतील. समज, तुला ६१.८ आणि १८५.४ वर सुळके दिसले. ६० ला ६१.८ केलं म्हणजे बरोबर तीन टक्के जादा. त्याच चित्रात ५१.५ वर आणखी एक सुळका असेल, तर तो नागपूरचा. मामांनी डबल डेकवर प्रत काढली तेव्हा तिथली ५० ची घुमघुम टेपवर छापली गेली आणि तीही आता तीन टक्के चढली. आणि नेमक्या ५० वर जो सुळका आहे तो तुझ्या घरातला, आत्ता शिरलेला, त्याचा टेपशी संबंध नाही.

म्हणजे एका चित्रात तीन गावं दिसतात, आणि चूक कुठं झाली तेही कळतं. ५० चा आणि ६० चा, दोन्ही सुळके सारख्याच टक्क्यांनी चढले असतील तर दोष शेवटच्या टप्प्यात आहे: एकतर नागपूरचा भरणारा डेक हळू होता किंवा तुझा वाजवणारा जोरात आहे. दुकानातून विकत आणलेली, कारखान्यात भरलेली एखादी कॅसेट लावून बघ. तीही चढी वाजली तर दोष तुझ्या डेकचा. मग डेकच्या मोटरच्या मागे एक छोटं भोक असतं, आत वेगाचा स्क्रू असतो, तो फिरवून मशीनच नीट कर. पण नागपूरचा सुळका जागेवर ५० च्या सावलीत आणि फक्त अमेरिकेचा सरकलेला असेल, तर चूक नागपूरला वाजवणाऱ्या डेकमध्ये किंवा त्याच्याही आधी झाली. ती सॉफ्टवेअरनंच दुरुस्त होईल: तीन टक्के जादा असेल तर वेग ९७.०९ टक्क्यांवर आण. वेग बदलायचा, नुसती पट्टी नाही; लांबी आणि सूर दोन्ही सोबत हलले पाहिजेत. २५ आणि ७५ च्या आसपास सुळके दिसले तर मामांनी हाय-स्पीड डबिंगचं, म्हणजे दुप्पट वेगानं प्रत काढायचं, बटण दाबलं होतं असं समज. अशा प्रतीत वरचे सूर थोडे कमीच असतात.

डीप पर्पलच्या टेपांत एक गंमत आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये त्यांनी जपानमध्ये ओसाका आणि टोकियोला शो केले. जपानच्या पश्चिम भागात, म्हणजे ओसाकाला, वीज ६० हर्ट्झची आणि टोकियोला ५० ची. एकाच आठवड्यातल्या शोंची मोजपट्टी वेगळी. म्हणून कॅसेटवर गावाचं नाव काय लिहिलंय ते आधी वाच. घुमघुम सापडलीच नाही तर वाद्यांकडे वळ. हॅमंड ऑर्गनची आतली चाकं विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेल्या मोटरवर फिरतात, त्यामुळे त्याचा सूर गिटारसारखा खुंटी पिळून बदलत नाही. हार्मोनिकाच्या पट्ट्याही ठरलेल्या असतात. गिटारवर एकट्या भरवसा ठेवू नको, काही बँड मुद्दाम अर्धा सूर खाली लावतात.

दंडारीच्या टेपला हीच युक्ती आपल्या पद्धतीनं लागू पडते. त्या वेळी वाजलेली पेटी गावात कुणाच्या घरी अजून असेल तर शोध. तिच्या काळी एकचा सूर मोबाइलवरच्या ट्यूनरनं मोज आणि टेपवरच्या त्याच सुराशी ताडून बघ. पेटीचे सूर वर्षांनुवर्षं थोडेच हलतात. तीन टक्क्यांची चूक त्यातून सरळ दिसते.

आता तुझ्या पाण्यात बुडालेल्या आवाजाकडे येतो. नॉइज रिडक्शन हिसचा एक नमुना घेतं आणि प्रत्येक सुराच्या पट्टीत त्या पातळीखाली जे असेल ते दाबतं. पण हिस स्थिर नसतो, क्षणाक्षणाला हलतो. जास्त दाबलं की काही ठिपके वाचतात, काही मरतात, आणि ते वाचलेले ठिपके शिट्टीसारखे किणकिणत राहतात. झांजेचा शेवट, हॉलची घुमी, गाणाऱ्याचा श्वास हे सगळं हिसच्या आसपासच्या पातळीवर असतं, ते त्याच झटक्यात जातं. शिवाय तुझी टेप दुसरी-तिसरी प्रत आहे. प्रत्येक प्रतीबरोबर हिस साचत जातो, तेव्हा सगळा काढायचा म्हटलं तर गाणंही निघून येणार. माझं मत स्पष्ट आहे: तीन-चार डीबी पुरे, आणि बऱ्याच टेपांना तेवढंही नको. कान पाच मिनिटांत हिस विसरतो. किणकिण मात्र शेवटपर्यंत विसरत नाही.

त्यापेक्षा इक्वलायझर हळुवार वापर. प्रेक्षकांत बसून भरलेल्या टेपांमध्ये २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात हॉलचा घुमारा साचलेला असतो. तिथं दोन-तीन डीबी कमी केलं की गाणं पुढे येतं. घुमघुमीवर अगदी अरुंद नॉच, म्हणजे तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर, लाव, पण वेग दुरुस्त केल्यावर, नाहीतर नॉच चुकीच्या जागी बसेल. एका बाजूचा आवाज क्षणभर गेला असेल तर तेवढा तुकडा दुसऱ्या बाजूनं भर. लिमिटर लावून सगळं एकसारखं मोठं करू नको. हळू गाणं हळूच राहिलं पाहिजे, नाहीतर पुढे ड्रम आल्यावर जे अंगावर यायला हवं ते येत नाही. आणि टाळ्या, ओरडणं, मागच्या रांगेतली बडबड कापू नको. लॉस एंजेलिसच्या माइक मिलार्ड या माणसानं १९७० च्या दशकात व्हीलचेअरवर बसून, तिच्यात नाकामिची ५५० रेकॉर्डर लपवून लेड झेपेलिनचे शो भरले. त्याची २१ जून १९७७ ची टेप लोक आजही जिवापाड जपतात. कारण तिच्यात बँड आहे तसाच त्या रात्रीचा तो हॉलही आहे.

स्टेजवरच्या मिक्सरमधून थेट घेतलेलं रेकॉर्डिंग नेहमीच सरस असतं, हा समज सोड. मिक्सरमध्ये तेच जातं ज्याला माइक लागतो. छोट्या हॉलमध्ये गिटारचा ॲम्प्लिफायर मुळातच मोठा वाजतो, म्हणून मिक्सरवर गाणारा खूप पुढे आणि गिटार मागे पडते. मी भजनाच्या कार्यक्रमात आहुजाच्या मिक्सरमधून रेकॉर्डिंग घेतो तेव्हा हेच होतं: बुवांचा आवाज छातीवर, आणि समोर बसलेल्यांच्या कानात घुमणारे टाळ जवळजवळ नाहीतच. म्हणून जाणकार चाहते मिक्सरची आणि प्रेक्षकांतली अशा दोन टेपा एकत्र करतात, त्याला मॅट्रिक्स म्हणतात. कष्टाचं काम आहे. स्टेजपासून ३० मीटरवर बसलेल्या माणसाच्या माइकपर्यंत आवाज पोचायला सुमारे ८७ मिलिसेकंद लागतात, तेवढं एकाला मागे सरकवावं लागतं. आणि दोन रेकॉर्डरच्या वेगात हजारात एक इतकाही फरक असला तर ४५ मिनिटांत २.७ सेकंदांची तफावत पडते. त्यामुळे दर दोन-तीन मिनिटांनी जुळवत जावं लागतं. पहिल्या वर्षी याच्या वाटेला जाऊ नको.

राहिला देण्याघेण्याचा प्रश्न. ग्रेटफुल डेडनं १९८४ पासून रेकॉर्डिंग करणाऱ्यांना हॉलमध्ये वेगळी जागाच दिली. अट एकच: पैसे घ्यायचे नाहीत. त्यातून लोक कोरी कॅसेट आणि परतीचं पोस्टाचं तिकीट पाठवून प्रती मागवायचे. पुढे १९९८ मध्ये नेटवर लाइव्ह रेकॉर्डिंगांची देवाणघेवाण करणारी ईट्री ही मंडळी आली, २००२ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर लाइव्ह म्युझिक आर्काइव्ह सुरू झालं, आणि परवानगी दिलेल्या बँडचे शो तिथं नीट साठवले जाऊ लागले. २००५ मध्ये डेडच्या मिक्सरवरून घेतलेल्या शोंचं डाउनलोड थांबलं, फक्त ऐकायची सोय राहिली. लोक चिडले. माझ्या मते बँडचा तो हक्क होता. ज्यानं दार उघडलं त्याला ते थोडं लोटूनही घेता येतं.

लेड झेपेलिन आणि डीप पर्पलचं तसं नाही, त्यांनी अशी मोकळीक दिलेली नाही. अमेरिकेत परवानगीशिवायच्या लाइव्ह रेकॉर्डिंगच्या व्यापाराविरुद्ध १९९४ पासून वेगळी तरतूद आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही कलाकाराचा आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क राहतो, आणि शब्द व चाल यांचा हक्क ती करणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तेव्हा त्या टेपा स्वतःसाठी सुधार, मामांना ऐकव, पण नेटवर चढवू नको. डेडच्या द्यायच्या असतील तर आधी बघ, तो शो अधिकृतपणे निघाला आहे का. निघाला असेल तर देऊ नको, ज्याला हवा तो विकत घेईल. आणि एमपीथ्री करून कधी देऊ नको, कारण उद्या कुणीतरी त्याचीच पुन्हा सीडी करतो आणि खराब प्रत साखळीत घुसते.

जे देशील त्यासोबत एक साधी टेक्स्ट फाइल हवीच. तिच्यात टेपची वंशावळ लिही: शो कुठला, तारीख, प्रेक्षकांतून की मिक्सरमधून, माहीत असेल तर कुणी भरला, मग अमेरिकेतली कॅसेट, नागपूरची प्रत, तुझा डेक, इंटरफेस, आणि तू केलेला प्रत्येक बदल. "वेग ९७.०९ टक्के, ३०० हर्ट्झला दोन डीबी कमी, नॉइज रिडक्शन नाही" इतकं नेमकं. एखादा तुकडा दुसऱ्या टेपवरून जोडला असेल तर कितव्या मिनिटाला तेही. सोबत फ्लॅक फायलींचे चेकसम, म्हणजे फाइलवरून निघणारे ओळखीचे आकडे, दे, म्हणजे पाच वर्षांनी कुणाच्या हातात ती फाइल पडली तर ती तुझीच आहे की मधे कुणी हात मारलाय ते कळेल. पुढे तुझ्यापेक्षा चांगलं काम करणारा कुणी येईल, त्याला तुझी कच्ची फाइल मागता आली पाहिजे.

दंडारीचा कायदा वेगळा नाही, माणसं मात्र जवळची आहेत. चढवायच्या आधी मंडळातल्या लोकांच्या, नाहीतर त्यांच्या घरच्यांच्या दारी जा आणि विचार. ऐकवताना मोबाइलवर त्यांचं बोलणंही घेऊन ठेव. ढोलकी कुणाची, कुठल्या पाराजवळ खेळ झाला, दिवाळीनंतरचा कितवा दिवस होता, हे त्यांनाच आठवेल, आणि तेच टेक्स्ट फाइलमध्ये जाईल. ते "नको" म्हणाले तर नको. फाइल गावात राहू दे.

डेक मिळाला आणि पहिली रॉकची बाजू कच्ची घेऊन झाली की तिच्यातला दोन गाण्यांच्या मधला अर्धा मिनिट, काहीही न करता, २४ बिट फ्लॅकमध्ये मला पाठव. कॅसेटच्या दोन्ही बाजूंचा आणि कवचाच्या वरच्या कडेचा फोटोही जोड. सुळके बघून वेग किती हलवायचा ते सांगतो.